बेटावर ठोकलेला खुंटा

माझ्या नवऱ्याला पोहता येत नव्हतं आणि त्यानं स्वतःच्या हातानं होडी बांधली होती. ही गोष्ट मी कुणाला सांगितली की लोक आधी हसतात. मीही तेव्हा हसलेच होते. कागदावर मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे, तोंडावर आयुष्यभर ‘अहो’ म्हणत आले, तेवढं पुरे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. तो वालचंदनगरला कारखान्यात फिटर होता आणि मी अंथुर्ण्याच्या झेडपीच्या शाळेत शिकवत होते. कंपनीच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार, त्यात दोन वर्षांची मुलगी. एकदा कारखान्याच्या वाचनालयातून त्यानं एक जुनं इंग्रजी मासिक आणलं. त्यात कुठल्याशा समुद्रातल्या बेटाचा रंगीत फोटो होता. हिरवंगार बेट, निळं पाणी, काठाला शिडाची होडी आणि वाळूवर एक नवरा-बायको. ती बाई पाय पसरून निवांत बसली होती, ते मला फार आवडलं. त्याला होडी आवडली. भांडण तिथूनच सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

सणसरला त्याच्या बहिणीच्या घरी एक शेड होती. तिथं वर्षभर सुट्टीच्या दिवशी त्याचं काम चाललं. पत्र्याची होडी, बुडू नये म्हणून दोन्ही टोकांना तोंड बंद केलेली रिकामी पिपं, डोलकाठीला वेळू आणि शिडाला ताडपत्री. ताडपत्री अंथुर्ण्याच्या शिंप्यानं शिवून दिली आणि ‘कशाला पाहिजे’ हे कळल्यावर शिलाई घेतली नाही, नुसता बघत राहिला. नवऱ्याच्या हातात कला आहे, हे मी कधीच नाकारलेलं नाही. डोक्यात हट्टही तेवढाच आहे.

त्याचं गाव इंदापूरच्या कोरड्या बाजूचं. तिथं पाणी यायचं ते टँकरनं, त्यामुळं कमरेच्या वर पाणी त्यानं लहानपणी पाहिलंच नव्हतं. माझं माहेर भीमेच्या काठचं. आमच्या वस्तीतल्या बायकांना गावच्या विहिरीला हात लावू देत नसत, पण नदी कुणाच्या बापाची नव्हती. आई धुणं धूत असायची आणि आम्ही पोरी पाण्यात. मी चालायला आणि पोहायला बरोबरच शिकले, असं आई सांगायची. पुढं धरणाचं पाणी आलं, गाव वर सरकलं आणि नदीचा समुद्र झाला.

“आधी पोहायला शिका, मग होडी पाण्यात घाला,” असं मी त्याला शंभरदा म्हटलं. दोन रविवार तो ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन कालव्यावर गेला. तिसऱ्या रविवारी त्याला सर्दी झाली. मग म्हणाला, “पोहायला लागू नये म्हणून तर होडी असती.” यावर मी हसले. हसायला नको होतं, रागवायला हवं होतं.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होडी पळसदेवच्या खाली माझ्या भावाच्या रानात नेऊन ठेवली. भावाचं रान थेट पाण्याला लागून आहे. तिथं काठाकाठानं दोन-चार फेऱ्या झाल्या आणि श्रावणातल्या एका रविवारी त्यानं जाहीर केलं की आज बेटावर जायचं, तिथं जेवायचं आणि फोटोतल्यासारखं निवांत बसायचं.

मुलीला शेजारच्या काकूंकडं ठेवलं. “दिवेलागणीच्या आत येते,” असं मी त्यांना सांगितलं. मुलगी रडली नाही, त्यांच्या मांजरामागं पळाली. स्कूटरवरून आम्ही माहेरी पोचलो तर भाऊ बारामतीला गेलेला. वहिनी होडीकडं बघून म्हणाली, “दुपारच्याला वारा लई सुटतुया, ताई.”

“वाराच तर पायजे,” तो म्हणाला.

“जाताना वारा नेईल. येताना काय करायचं?” मी विचारलं.

“सांजच्याला वारा पडतो. तवा वल्हवत यायचं. माझा समदा हिशेब झालेला हाय.”

त्याचा हिशेब झाला की मी माझा वेगळा सुरू करते. ती जड ट्यूब मी स्वतः उचलून होडीत टाकली. तो ट्यूबवरच बसला, म्हणजे बसायला मऊ झालं.

खोटं कशाला बोलू, शीड भरलं तेव्हा मला आनंद झाला. आवाज न करता होडी निघाली. काठावरची वहिनी, म्हैस, इंजिनाची खोली सगळं लहान होत गेलं. आभाळ स्वच्छ होतं. आमच्या बाजूला तीन आठवड्यांत थेंब नव्हता, बाजरी सुकायला लागली होती. पाण्याच्या मध्यावर ते बेट होतं. बेट म्हणजे पूर्वीच्या गायरानाचा उंचवटा. बाकीचं बुडालं, तेवढं राहिलं. लांबून ते पाण्यावर टाकलेल्या हिरव्या घोंगडीसारखं दिसायचं.

होडी काठाला लागली. बोटीचा नांगर म्हणून त्यानं कारखान्यातल्या भंगाराचा एक लोखंडी तुकडा केला होता, पण तो जड म्हणून घरीच ठेवला होता. त्याऐवजी त्यानं पिशवीतून बैल बांधायचा लोखंडी खुंटा काढला. काठापासून दोन पावलांवर कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या मातीत तो दगडानं ठोकला. चांगला हातभर आत गेला. दोरी बांधली, ओढून बघितली.

“आजून वर ठोका की,” मी म्हटलं.

“अगं, या मातीत बांधलेला खिल्लारी बैल हालत न्हाय. ही तर पत्र्याची होडी. दोरी पुरत न्हाय वर.”

त्याच्या जागी त्याचा भाऊ असता, माझा भाऊ असता, तालुक्यातला कुणीही असता तरी त्यानं तिथंच खुंटा ठोकला असता. आमच्या भागात पाणी ही उतरायची गोष्ट आहे. विहिरीचं उतरतं, तळ्याचं उतरतं, कालव्याचं उतरतं. आज काठाला ठोकलेला खुंटा उद्या काठापासून लांब गेलेला असतो, हे शेंबडं पोरही जाणतं. पाणी चढेल हे आमच्या मनातच येत नाही. माझ्या यायला हवं होतं. मी नदीकाठची होते. पण आभाळ निळं होतं आणि मीही गप्प बसले.

जेवण छान झालं, ते मी आजही मान्य करते. भाकरी, सुकटीची चटणी, कांदा. बेटावर गुडघ्याएवढं गवत आणि त्यात पिवळी फुलं. पलीकडच्या टोकाला चित्रबलाक पक्षी उभे होते, आम्हाला बघून उडालेसुद्धा नाहीत. बेटाच्या मधोमध एक जुना दगडी ढीग आणि वठलेल्या बाभळीचं खोड होतं. त्या खोडाला टेकून मी पाय पसरून बसले. तो म्हणाला, “झालं का नाय फोटोवानी?” मी म्हटलं, “झालं.” मग तोंडावर टोपी ठेवून तो झोपला.

वारा वाढला तेव्हा मी डबे धुवायला काठाला गेले. होडीतून उतरताना माझा पदर एका काटेरी झुडपाला अडकला होता. ते झुडूप आता पाण्यात उभं होतं. मी खुळ्यासारखी त्याच्याकडं बघत राहिले. मग होडी बघितली. ती जागेवर नव्हती. तीस-पस्तीस फूट आत, तोंड पलीकडच्या करमाळ्याच्या काठाकडं करून ती सावकाश चालली होती आणि दोरी तिच्यामागं पाण्यात बुडालेली होती. ज्या मातीत बैल हलला नसता, ती माती भिजून लोण्यासारखी झाली होती आणि खुंटा अलगद सुटला होता.

मी ओरडले. तो धावत आला, गुडघाभर पाण्यात गेला आणि थांबला. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही.

“ट्यूब होडीतच ऱ्हायली,” तो म्हणाला.

“पुण्याकडं पाऊस हाय. वरच्या धरणांतनं पाणी सोडलं असणार,” मी म्हटलं.

“मग उतरंल की.”

“अहो, हे उतरायचं पाणी न्हाय. धरण भरंस्तवर चढतच ऱ्हाणार हे.”

तो वळून बेटाकडं बघायला लागला. सपाट जागेवर पाणी बोटभर चढलं तरी दहा पावलं आत येतं. जेवताना जी जागा तीनशे पावलांची होती ती आता दोनशेचीही उरली नव्हती. आसपास दुसरी होडी दिसत नव्हती. भावाचं रान वाऱ्याच्या तोंडाला, हाक तिकडं पोचणं शक्य नव्हतं. दिवेलागणीपर्यंत इथं काय उरेल याचा अंदाज दोघांनाही आला होता.

मी साडी सोडायला लागले. त्यानं माझं मनगट धरलं.

“जाऊ नको. तुला काय झालं तर पोरीला कोन हाय?”

“आन् मी न्हाय गेले तर कोन हाय?”

त्यानं मनगट सोडलं नाही. मला हिसका द्यावा लागला. साडी काठावर टाकून, परकर वर खोचून मी पाण्यात शिरले.

चौदा-पंधरा वर्षांनी पोहत होते. नदीचं पाणी आणि हे पाणी वेगळं होतं. लाटा मागून येऊन डोक्यावरून जात होत्या, तोंडात गढूळ पाणी. परकर पायात गुंतत होता. मी वीस हात मारायचे आणि होडी तेवढीच लांब असायची. दोनदा वाटलं की माघारी फिरावं, पण मागं फिरायलाही तेवढाच दम लागला असता. मग ती होडी थांबली. खुंटा तळाशी बुडालेल्या एखाद्या झाडाच्या खोडाला अडकला असावा. मी पोचले, कड धरली आणि वर चढताना होडी माझ्या अंगावर कलंडली. तिसऱ्या खेपेला मी कशीबशी आत पडले आणि ओकले.

जीव वाचला म्हणून मला रडू आलं. मग मी दोरी वर ओढली, खुंटा सोडवून घेतला आणि वल्ही धरली. इथून पुढचं सोपं असेल अशी माझी समजूत होती.

होडी वाऱ्याविरुद्ध एक वीतही पुढं जाईना. मी जीव तोडून वल्हवत होते आणि बेट लांब जात होतं. तळव्यांची सालं निघाली. शिडाकडं बघितलं. ते कसं लावायचं, वाऱ्याला कसं धरायचं, यातलं ओ की ठो मला माहीत नव्हतं. एकदा शिकवा म्हटलं होतं तेव्हा ‘तुला काय करायचंय’ असं उत्तर मिळालं होतं. तो बेटावरून ओरडत होता, पण वाऱ्यात शब्द कळत नव्हते. ट्यूब पाण्यात टाकली असती तर ती वाऱ्याबरोबर उलट्या दिशेनं गेली असती.

मग त्यानं ओरडणं थांबवलं आणि दोन्ही हातांनी खूण केली. जा. पलीकडं जा.

तेच बरोबर होतं. वाऱ्याबरोबर करमाळ्याच्या काठाला लागायचं आणि कुणाला तरी घेऊन यायचं, दुसरा इलाज नव्हता. हे मला माझ्या बुद्धीनं आधीच कळलं होतं. पण वल्हवणारा माणूस जिकडं जायचं तिकडं पाठ करून बसतो. म्हणजे पलीकडं जाताना माझं तोंड सगळा वेळ त्याच्याकडं राहणार होतं. एकटा उभा तो, मागं दगडांचा ढीग, चारी बाजूंनी पाणी. ते माझ्यानं बघवेना. मी वल्ही आत ओढली, उठले, उलटी बसले आणि एक वल्हं सुकाणूसारखं मागं धरून होडी वाऱ्यावर सोडून दिली. काठ लागेपर्यंत मी एकदाही मागं वळले नाही.

काठावर दोन झोपड्या होत्या. एक म्हातारा कोळी जाळं नीट करत बसला होता, शेजारी त्याची सून मासे निवडत होती. ओल्या परकरातल्या बाईला बघून सुनेनं काही न विचारता अंगावरची शाल दिली. मी म्हाताऱ्याला सगळं सांगितलं.

“तात्या, त्यास्नी पोहता येत न्हाय,” हे मी तीनदा सांगितलं.

“बया, काल रेडिओवर सांगितलं की पुण्याचं पाणी सोडलंय म्हून,” तो म्हणाला. मग पाण्याकडं बघून म्हणाला, “ह्या वाऱ्यात समोरनं जाता यायचं न्हाय. वारा पडू द्या.”

“तवर बेट ऱ्हाणार न्हाय, तात्या.”

म्हाताऱ्यानं जाळं खाली ठेवलं. त्याची लाकडी नाव मोठी होती. वाऱ्याविरुद्ध सरळ जाता येत नाही म्हणून त्याला नाव काठाकाठानं वर, वारा येतो त्या बाजूला न्यायची होती. बेटाच्या पुष्कळ वर गेलं की मग पाण्यात शिरायचं आणि वाऱ्याबरोबर तिरकं बेटावर उतरायचं. म्हातारा नावेत उभा राहून बांबूनं तिला काठापासून लांब ठेवत होता आणि मी आणि सून मांडीएवढ्या चिखलातून दोरीनं ती ओढत होतो. पण ओढायचं ते बेटापासून लांब. प्रत्येक पावलाला बेट मागं पडत होतं. मला वाटत होतं, हा म्हातारा मला फसवतोय. मी एकदा थांबून ओरडलेही, “आवो, माणूस तिकडं हाय!” सून म्हणाली, “ओढा, ताई. आमी रोज जातो.” तिच्या आवाजात घाई नव्हती म्हणून मी ओढत राहिले.

नाव वाऱ्याबरोबर सुटली तेव्हा सूर्य खाली गेला होता. जिथं बेट असायला हवं होतं तिथं नुसतं पाणी चमकत होतं. गवत नाही, पिवळी फुलं नाहीत. मी म्हाताऱ्याकडं बघितलं. त्यानं हनुवटीनं दाखवलं. दगडांच्या ढिगावर बाभळीच्या खोडाला मिठी मारून एक माणूस उभा होता आणि लाटा त्याच्या गुडघ्यावर आपटत होत्या.

त्यानं माझी साडी पिळून तिचं एक टोक खोडाला आणि दुसरं आपल्या कमरेला बांधलं होतं. ओल्या साडीची गाठ काही केल्या सुटेना. शेवटी म्हाताऱ्यानं कोयत्यानं साडी कापली आणि त्याला पोत्यासारखा नावेत ओढला. त्याचे दात वाजत होते. पहिलं वाक्य त्यानं काय बोलावं?

“साडी गेली गं.”

मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मग दुसरा घातला. मग त्याला धरून हंबरडा फोडला. म्हातारा आणि सून दुसरीकडं बघत वल्हवत राहिले.

त्या दिवशी घरी जाणं जमलं नाही. म्हाताऱ्याच्या ओळखीच्या माणसानं गावातल्या फोनवरून कॉलनीत निरोप दिला, काकूंनी मुलीला सांभाळलं. झोपडीत चुलीपुढं आम्हाला चहा मिळाला. म्हाताऱ्यानं नवऱ्याला चार शब्द सुनावले. “पावणं, खुंटा जनावराला ठोकायचा. पान्याला बांधून ठेवंल असा खुंटा आजून झाला न्हाय,” असं काहीसं. तो मान खाली घालून ऐकत होता. पुढच्या महिन्यात तो कालव्यावर गेला आणि पोहायला शिकूनच आला.

म्हातारा उठून गेल्यावर तो मला हळू आवाजात म्हणाला, “तू उठून तोंड फिरवून बसलीस ना, तवा माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, आता ही मागं बघत न्हाय, म्हंजी पोचंल. पोरीला एक तरी ऱ्हाईल.”

मी चहाच्या कपाआड तोंड लपवलं. कारण पाठ फिरवून बसल्यावर मी त्याला वाचवायचा विचार करत नव्हते. मदत आणायचं काम हात करत होते, होडी सरळ ठेवत होते. डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. तो गेला, असं मी धरून चालले होते. कंपनी क्वार्टर किती दिवस ठेवू देईल, सामान भावाकडं न्यायचं की सासरी, कपाट दारातून निघेल का, मुलीला किती वर्षांची झाल्यावर सांगायचं. काठ येईपर्यंत मी अख्खं घर आवरून रिकामं केलं होतं. आणि तो तिथं दगडावर उभा राहून माझ्या पाठीकडं बघून खूश होत होता.

इतक्या वर्षांत हे मी त्याला सांगितलेलं नाही. माझं लिहिलेलं आधी तोच वाचतो, चष्मा लावून, शुद्धलेखनाच्या चुका काढत. आज तो बाजारातून यायच्या आत हे कागद मी फडताळात ठेवू शकते. मी ते टेबलावरच ठेवणार आहे.